लेकीला न सांगितलेलं येसर

माझ्या हाताला येसर येत नाही, हे अठ्ठावीस वर्षं मी स्वतःच लोकांना सांगत आले. कुणी नाव ठेवायच्या आधी आपणच ठेवून घ्यायचं, म्हणजे समोरच्याला फारसं काम उरत नाही. पुरणपोळी येते, बाजरीची भाकरी टम्म फुगते, मी शिकवते त्या शाळेतल्या पोरांच्या खिचडीत मीठ किती पडलं ते मी वासावरून सांगते. येसर तेवढं येत नाही. का येत नाही, ते मागच्या वर्षी एका किराणा दुकानात उभ्या उभ्या कळलं, आणि त्या दिवसापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून पुरतं थंड झालेलं नाही.

येसर म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्यांना सांगावं लागतं. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खरपूस भाजायची. त्यात धने, जिरे, दगडफूल, तमालपत्र, लवंग, सुकं खोबरं आणि लाल मिरच्या घालायच्या आणि सगळं बारीक दळून ठेवायचं. हे पीठ पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की दाट, तांबूस-काळी आमटी होते. तिला भाजी लागत नाही, डाळ शिजत ठेवावी लागत नाही. पावसानं दडी मारली की जिथं भाजीचं पान दिसत नाही, अशा मुलखात हे कुण्या बाईनंच शोधून काढलं असणार. पुरुषानं शोधलं असतं तर त्याच्या नावाचा चौक झाला असता.

आमच्याकडं लग्न निघालं की आधी येसर. चांगला दिवस बघून पाच सवाष्णी जात्याला हळद-कुंकू लावायच्या, हळद दळायच्या आणि मग येसर दळायला घ्यायच्या. पंगतीत पत्रावळीवर भाकरी चुरायची, मध्ये खळगा करायचा आणि वाढप्यानं बादलीतून गरम आमटी त्यात ओतायची. नवरीच्या अंगावर काय काय घातलं होतं ते लोक विसरायचे, आमटी विसरत नसत. ती बिघडली तर नवरीच्या बापाला पुढच्या प्रत्येक लग्नात ऐकून घ्यावं लागायचं.

माझं माहेर तलवाड्याजवळ. आसपासच्या भावकीत कुठंही लग्न ठरलं की येसरासाठी माझ्या आईला बोलावणं यायचं, आणि ते मानाचं असायचं. घरधनीण स्वतः चालत यायची, कुंकू लावायची, ओटीत खण-नारळ घालायची. आई शाळेत गेलेली नव्हती. शेताच्या कागदावर तिचं नाव नव्हतं, घराच्या दारावर नव्हतं. पण लग्नघरात ती शिरली की चुलीपुढच्या बाया आपोआप सरकून जागा करायच्या. मी तिचा पदर धरून मागं असायचे आणि मला वाटायचं, मोठेपणी ही जागा माझीच.

येसर मी तिच्याच हाताखाली शिकले. सातवी-आठवीत असल्यापासून भाजायला बसायचे. गावात गिरणी आली होती, पण गिरणीतल्या मिरचीचा वास लागतो म्हणून आई येसर जात्यावरच दळायची. ज्वारी कुठपर्यंत भाजायची, डाळीचा रंग कधी पुरे म्हणायचा, दगडफूल किती जपून घालायचं, सगळं तिनं हात धरून शिकवलं. चुकलं तर उलथन्याची दांडी हातावर बसायची. शिकवणारी तरबेज होती आणि मी मन लावून शिकणारी होते.

भाजणं संपत आलं की दर वेळी ती म्हणायची, "जा गं, शेजारच्या काकूकडून मूठभर खडेमीठ आण." शेजारची काकू बोलघेवडी. ती मला बसवून घ्यायची, शाळेचं विचारायची, हातावर गुळाचा खडा ठेवायची. मी परत येईपर्यंत आईनं जात्यावर पहिले घास घातलेले असायचे, जात्याभोवतीच्या पाळीत थोडं पीठ जमलेलं असायचं. बाकीचं मी दळायचे. मला वाटायचं, लेकीचे हात दुखतील म्हणून आई सुरुवात करून ठेवते. ही माया मी पुढं कितीतरी जणींना कौतुकानं सांगितली आहे.

लग्न होऊन मी सिरसाळ्याला आले. सासूबाईंना मी आत्या म्हणते. नवी सून येसरवालीची लेक आहे म्हटल्यावर आत्यांनी पहिल्याच महिन्यात भावकी जेवायला बोलावली. मी आईनं शिकवलं तस्संच सगळं केलं, माप चुकू दिलं नाही. आमटी झाली, वाढली, लोकांनी खाल्ली. कुणी वाईट म्हणालं नाही आणि कुणी दुसऱ्यांदा मागितलीही नाही. आमटी गोडसर आणि पोकळ लागत होती, खाली काहीतरी बसायला हवं होतं ते बसलंच नव्हतं. ताटं उचलताना आत्या म्हणाल्या, "आईची कला लेकीच्या हातात उतरती असं न्हाई. ऱ्हाऊ दे."

मी राहू दिलं नाही. वर्षामागून वर्षं करून बघितलं. ज्वारी वाढवली, डाळ कमी केली, धने बदलले, लोखंडी कढई आणली, चुलीवर भाजलं, गॅसवर भाजलं. माहेरी गेले की आईला सांगायचे. एकदा तर तिच्यापुढं बसून रडले. ती शांतपणे ऐकून घ्यायची, "हात बसंल हळूहळू" म्हणायची आणि निघताना डबा भरून येसर द्यायची. दिवाळीला डबा, पंचमीला डबा. त्या डब्यातल्या येसराची आमटी केली की आत्या बोटं चाटायच्या आणि म्हणायच्या, "ह्ये बघ, ह्याला येसर म्हणत्यात." मी मान हलवायचे. आई किती करते माझ्यासाठी, असं मनात यायचं.

मधल्या काळात खाणंच बदलत गेलं. आधी ताटातून भाकरी हलली, चपाती आली. पाहुण्यांपुढं भाकरी ठेवणं कमीपणाचं झालं. मग शाळेत डब्यातून पाकिटातल्या शेवया यायला लागल्या. येसर म्हणजे काय हे वर्गात विचारलं तर दोन-तीन हात वर यायचे. लेकीचं लग्न मंगल कार्यालयात झालं, तेव्हा केटररनं यादी पुढं केली: पनीर, मंचुरियन, पाणीपुरी, आणि एका कोपऱ्यात फेटा बांधलेला माणूस पिठलं-भाकरी देणार, त्याला गावरान काउंटर म्हणायचं. मी म्हटलं, एक येसर आमटी ठेवू, आईकडून येसर मागवते. नवरा म्हणाला, "कावून हट्ट करतीस? लोकं काय म्हणतील?" आमटी राहिली. आई लग्नाला आली, खुर्चीवर बसून डाळ-भात जेवली. चुलीपाशी जायला तिथं चूल नव्हती आणि तिला कुंकू लावून बोलवायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. "चांगलं झालं सगळं," एवढंच ती म्हणाली. आपण आईला दगा दिला असं मला वाटत राहिलं. दोन वर्षं मी ते मनाला लावून घेतलं होतं. आता ते आठवलं की स्वतःचीच कीव येते.

आणि मग वारं उलटं फिरलं. ज्वारी-बाजरीला पौष्टिक तृणधान्य असं भारदस्त नाव मिळालं. पोरांकडून घोषणा म्हणवून घ्या, असं शाळेला कळवण्यात आलं. ज्या घरांनी भाकरी लपवली होती तिथली पुण्याला गेलेली मुलं आता फोनवरून भाकरीचं पीठ मागवायला लागली. भाऊ एकदा म्हणाला होता की तुझी भावजय बचत गटातून मसाले करून विकते, लई चाललंय. बरं वाटलं होतं. भावजय कष्टाळू आहे, कुणी तिला नावं ठेवावीत अशी नाही. हे मी अगदी रागातसुद्धा म्हणत आले आहे.

बाजाराच्या दिवशी मी किराणा दुकानात उभी होते. दुकानदार ओळखीचा, त्याची तिन्ही मुलं माझ्या हाताखालून गेलेली. त्यानं फळीवरून एक पाकीट काढून माझ्यापुढं ठेवलं. "बाई, ह्ये बघा. तुमच्या तलवाड्याकडचा माल हाय. आमच्या घरात लई पसंत पडला."

पाकिटावर माझी आई होती. डोक्यावरून पदर, कपाळाला मोठं कुंकू, हातात जात्याचा खुंटा. वर छापलं होतं, 'आईच्या हातचं गावरान येसर'. खालची ओळ वाचायचंही सुचलं नाही; मला हसू आलं, अभिमानही वाटला. दुकानदाराला सांगितलं, ही माझी आई. त्यानं पाकीट परत हातात घेऊन नीट पाहिलं आणि म्हणाला, "चेहरा मिळतो, बाई." मास्तरकीच्या सवयीनं मी पाकीट उलटं करून मागचं वाचायला लागले. घटक पदार्थ: ज्वारी, हुलगा, हरभरा डाळ, गहू.

हुलगा. मी पुन्हा वाचलं. ज्वारीच्या खालोखाल, डाळीच्याही आधी.

हुलगा म्हणजे कुळीथ. आमच्या घरी हुलगे बैलांना शिजायचे. माणसांनी ते खायचे दुष्काळात, माडगं म्हणजे पातळ कढण करून, तेही दार लोटून. हुलगे खाणारं घर म्हणजे उपाशी घर, असा हिशेब होता. अठ्ठावीस वर्षांत मी त्या कढईत काय काय टाकून बघितलं, पण हुलगा मनातसुद्धा आला नाही. मी मीठ घेऊन परत यायचे तेव्हा घरात हुलग्याचा वास असायचा, पण बैलांसाठी हुलगे शिजणाऱ्या त्या घरात तो वास कधी नसायचा? आणि मग दुकानात, साबणाच्या वड्यांपुढं उभी असताना, मला खडेमीठ आठवलं. आमच्या घरात कशाचीही टंचाई असायची, मिठाची कधीच नव्हती. मडकं भरलेलं असायचं. मी काकूकडं बसून गूळ खात होते तेव्हा आई हुलगा भाजून जात्यात घालत होती. पाळीतलं ते पीठ माझे हात वाचवायला नव्हतं.

पाकीट घरी आणलं, मुद्दाम त्याचीच आमटी केली. आत्यांनी दोनदा मागून घेतली. "डबा आला वाटतं माहेरचा," म्हणाल्या. मी पाकीट दाखवलं. त्यांनी ते निरखून पाहिलं, आईचा फोटो ओळखला आणि समाधानानं उशाशी ठेवून दिलं.

रविवारी मी कुणाला न कळवता माहेरी गेले. माजलगावला गाडी बदलून पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. आई ओसरीवर बसून सुपात काहीतरी निवडत होती. मी समोर आले तसा तिनं झटकन पदर सुपावर ओढला. म्हातारपणानं तिला चष्म्यातूनही नीट दिसत नाही, गुडघे उचलत नाहीत, पण हा हात मात्र विजेसारखा हलला.

"आई, सुपात काय हाय?"

"काई न्हाई. बैलाचं."

"बैल इकून धा वर्सं झाली."

आवाज ऐकून भावजय बाहेर आली. "आक्का, कावून न सांगता आलात?" म्हणाली आणि पाणी आणायला वळली. मी तिला तिथंच विचारलं, येसरात हुलगा घालायचा हे तुला कधी सांगितलं? तिला प्रश्नच कळला नाही. माझ्या आईला ती आत्या म्हणते. "लग्न होऊन महिना झालता. आत्यांनी दार लावून घेतलं अन् सांगितलं." मग माझ्या तोंडाकडं बघून तिचा चेहरा उतरला. "तुमाला ठाऊक असंल असंच वाटलं मला. लेक हायत तुमी." ती तशीच आत गेली, पुन्हा बाहेर आली नाही. तिच्यावर रागवायला मला जागाच उरली नाही, याचाही मला राग आला.

मी आईच्या मांडीवर पाकीट ठेवलं. "मला कावून न्हाई सांगितलंस?"

"तू जायची व्हतीस."

"जायची व्हते म्हणून?"

"लेकीला सांगितलं की ते सासरी जातं. मग तिकडल्या लग्नात तू केलं असतंस. मला कुणी बोलीवलं असतं?" तिचा आवाज अगदी साधा होता. "अन् हुलगा हाय म्हणल्यावर पंगतीला कोण बसलं असतं? तू बोलकी. कुठंतरी बोलून गेली असतीस."

"माज्या हाताला सगळी नावं ठिवत्यात. तुज्यापुढं बसून रडले व्हते मी."

"मग डबा देत व्हते की."

डबा देत होती, हे खरं होतं. लेकीला येसर द्यायचं, कसं करायचं ते द्यायचं नाही. चांगला मेळ घातला होता तिनं. मी तिच्या दारातून कधी रिकाम्या हातानं गेले नाही आणि कधी काही घेऊनही गेले नाही. तिचं म्हणणं मला समजलं. तिच्याजवळ तेवढंच एक होतं आणि ते जपायला तिनं माझ्यापासून दार लावलं. समजलं म्हणून राग गेला नाही, तो आजही गेलेला नाही. उलथन्याची दांडी खाल्ली ती मी, जातं ओढलं ते मी, आणि महिन्याभरापूर्वी उंबरा ओलांडलेल्या सुनेला दार लावून सगळं सांगितलं.

मग एकदम माझ्या ध्यानात आलं की हिला वाचता येत नाही. मी पाकीट उलटं केलं. "ह्या मागं काय लिवलंय, ठाऊक हाय?"

"तारीख असंल."

तिला सांगायला नको होतं, असं कुणी म्हणेल. मी सांगितलं. वर्गात वाचते तसं एकेक शब्द तोडून वाचलं, आणि हुलग्यापाशी माझा आवाज जरा जास्तच चढला. तिनं मान वर केली. "हुलगा लिवलाय?"

"मोठ्या अक्षरात. पुढच्या अंगाला बी लिवलंय, हुलगा हाय म्हणून पौष्टिक हाय. लोकं हुलगा वाचूनच घेत्यात."

तिनं सुपावरचा पदर हळूच बाजूला केला. खाली हुलगेच होते. "मग म्या कुणापसून झाकत व्हते?" ती म्हणाली, माझ्याकडं न बघता.

उत्तर मला माहीत होतं. जगात सगळ्यांना सांगून झाल्यावर ते फक्त माझ्यापासून झाकलेलं उरलं होतं. पण मी ते बोलले नाही, आणि तिनं सुपातले हुलगे फडक्यात बांधून माझ्या पिशवीत टाकले तेव्हा नको म्हणाले नाही. जेवायला मात्र थांबले नाही. आईनं 'जेवून जा' म्हणायचं आणि मी न जेवता निघायचं, हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून मी येसर केलं. हुलगा भाजायला वेळ लागतो, आच वाढवली की करपतो आणि कमी ठेवली की कच्चा राहतो. कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी हाताला कळत गेलं कुठं थांबायचं ते. जातं आमच्याकडं नाही. मिक्सरवर थोडं थोडं दळलं. आमटीला उकळी फुटली आणि स्वयंपाकघरात माझ्या आईचा वास भरला, तिच्या पदराचा, लग्नघराचा. मी चमचाभर चाखून बघितली. तीच होती, तंतोतंत. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. माझ्या हाताला कधीच काही झालेलं नव्हतं.

आत्यांना आता दात नाहीत. मी भाकरी चुरून त्यावर आमटी घातली आणि ताट त्यांच्यापुढं ठेवून समोरच बसले. लग्न झाल्यापासून मी असं समोर बसून कुणाच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, बोटं चाटली.

"झ्याक झालीय," त्या म्हणाल्या. "पाकीट संपलं न्हवतं व्हय अजून?"

"पाकिटातलं न्हाई, आत्या. मी केलंय. घरी."

त्यांनी आणखी एक घास घेतला, जिभेवर घोळवला आणि हसल्या. हसण्यात कुचकेपणा नव्हता, उलट लाडच होता. "म्हातारीला येड्यात काढतीस व्हय? माजी जीभ अजून शाबूत हाय. ह्ये तुज्या भावजयीचं हाय. ह्येच आणत जा आता, घरी करत बसून जीव कावून काढतीस?"

फडक्यातले उरलेले हुलगे आणून दाखवले असते. मिक्सरचं भांडं अजून धुतलेलं नव्हतं, तेही दाखवता आलं असतं. पण त्यांनी रिकामं ताट पुढं केलं होतं. मी उठले आणि आमटी वाढली.